वाफेची शिटी : चेतनेच्या प्रयोजनाचा एक वाद

जाणीव म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच प्राचीन आहे. जाणिवेचा देहाला उपयोग काय, हा प्रश्न मात्र त्या मानाने अलीकडचा होय. आत्मा हा देहाहून निराळा आणि देहाचा स्वामी आहे असे गृहीत धरले, की त्याचा देहाला उपयोग काय असे विचारण्याचे कारणच उरत नाही. १८५९ साली प्राणिजातींच्या उत्पत्तीवरील चार्ल्स डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही स्थिती पालटली. डोळा, पंख, दात यांच्याप्रमाणे मनही क्रमाक्रमाने घडत आले असेल, तर जीवनकलहात त्याने काही कामगिरी बजावली असली पाहिजे, अशी अपेक्षा साहजिकच उत्पन्न झाली. ही अपेक्षा निराधार आहे असे ठामपणे सांगितले ते डार्विनच्याच एका कडव्या पुरस्कर्त्याने. १८७४ साली सुरू झालेला तो वाद दीडशे वर्षे उलटून गेल्यावरही मिटलेला नाही. विद्वानांच्या सभेत निघालेला हा प्रश्न पुढे प्रयोगशाळेत, शस्त्रक्रियागृहात आणि कायदेमंडळात जाऊन पोचला. म्हणूनच त्याचा इतिहास तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही.

या वादाची पूर्वपीठिका सतराव्या शतकातील आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६३७ सालच्या आपल्या पद्धतिविषयक ग्रंथात पशू हे केवळ यंत्र होत असे प्रतिपादन केले. पाण्याच्या जोरावर हालणाऱ्या बाहुल्या त्या काळच्या राजोद्यानांत बसवलेल्या असत. पाहुण्याचा पाय विशिष्ट फरशीवर पडला की आतील नळ उघडे आणि बाहुली पुढे सरसावे. प्राण्यांचे स्नायू व मज्जातंतू याच तऱ्हेने काम करतात, असे देकार्तचे म्हणणे होते. विचार करणारे तत्त्व केवळ मनुष्यात असते. त्याच्या काही अनुयायांनी या मताचा अर्थ असा लावला, की कुत्र्याचे विव्हळणे आणि न वंगवलेल्या चाकाची कुरकूर यांत तत्त्वतः भेद नाही. पशूंवरील प्रयोगांना या मताने एक प्रकारची मोकळीक दिली. जाणीव कोणाला आहे हे ठरवणारा सिद्धांत वेदना कोणाची मोजायची हेही ठरवून टाकतो, ही गोष्ट या वादाच्या प्रारंभापासूनच दिसून येते.

१८७४ च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश विज्ञान परिषदेचे अधिवेशन आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी भरले. तेथे टॉमस हेन्री हक्स्ली याने, पशू ही स्वयंचलित यंत्रे आहेत काय, या विषयावर व्याख्यान दिले. हक्स्ली हा शरीररचनाशास्त्राचा नामांकित पंडित. उत्क्रांतिवादाची बाजू तो इतक्या हिरिरीने लढवी, की लोक त्याला डार्विनचा बुलडॉग म्हणत. देकार्तचे अर्धे म्हणणे त्याने उचलून धरले आणि अर्धे टाकून दिले. पशूंचे व्यवहार यांत्रिक असतात हे त्याला मान्य होते. पशूंना जाणीव नसते हे मान्य नव्हते. मनुष्याच्या आणि इतर पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूत जो क्रम दिसतो तो अखंड आहे. तेव्हा जाणिवेसारखी गोष्ट मनुष्यातच एकाएकी उगवली असे मानणे उत्क्रांतीच्या तत्त्वाला धरून होत नाही. म्हणून पशू ही यंत्रे खरी, परंतु जाणीव असलेली यंत्रे होत, असा त्याचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षासाठी त्याने बेडकावरील प्रयोगांचा आधार घेतला. मेंदूपासून मज्जारज्जू तोडून वेगळा केला तरी बेडकाच्या अंगावर आम्लाचा थेंब पडताच त्याचा पाय तो पुसून काढतो. तो पाय निकामी केला तर काही वेळ धडपड करून बेडूक दुसऱ्या पायाने तेच काम साधतो. दुसऱ्या एका प्रयोगात मेंदूचा पुढचा भाग काढून टाकलेला बेडूक तळहातावर ठेवला. हात हळूहळू उलटा केला तर तो पडत नाही. पाऊल पाऊल सरकत हाताच्या कडेवर येतो आणि तोल सांभाळून पाठीमागच्या बाजूवर जाऊन बसतो. पाण्यात टाकला तर पोहतो. आपण होऊन मात्र तो काहीच करीत नाही. एवढ्या हेतुपूर्ण दिसणाऱ्या हालचाली मोठ्या मेंदूवाचून होत असतील, तर हेतूचे दर्शन म्हणजे जाणिवेचा पुरावा असे कसे म्हणावे, हा हक्स्लीचा सवाल होता.

बेडकाचे उदाहरण मनुष्याला लागू पडेल काय, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणारच. तिचे उत्तर म्हणून हक्स्लीने एका फ्रेंच सार्जंटची हकीकत सांगितली. मेने नावाच्या डॉक्टरांनी ती नुकतीच प्रसिद्ध केली होती. १८७० सालच्या फ्रान्स व प्रशिया यांच्या युद्धात बाझेयच्या लढाईत या सत्तावीस वर्षांच्या शिपायाच्या कवटीचे डावे हाड गोळीने फुटले. उजवे अंग लुळे पडले. वर्षभराने ते बहुतेक पूर्ववत झाले. परंतु जखमेनंतर तीन-चार महिन्यांनी त्याला एक विलक्षण विकार जडला. दर पंधरा ते तीस दिवसांनी तो एका वेगळ्याच अवस्थेत जाई आणि ती अवस्था पंधरा ते तीस तास टिके. त्या वेळी त्याला टाचणी टोचलेली कळत नसे. तरीही तो चालत असे, जेवत असे, सिगारेट ओढत असे, वेळी गातही असे. एरवी प्रामाणिक असलेला हा मनुष्य त्या अवस्थेत हाताला लागेल ती वस्तू चोरी. एकदा तो पत्र लिहीत असताना डॉक्टरांनी त्याच्या लेखणीखालचा कागद हळूच ओढून घेतला. खालच्या कोऱ्या कागदावर तो पुढील शब्दापासून तसाच लिहू लागला. असे पुनःपुन्हा केल्यावर शेवटच्या कागदावर तळाशी केवळ सही उमटली. मग त्याने तो जवळजवळ कोरा कागद डोळ्यांसमोर धरून पत्र वाचून पाहिले आणि ज्या त्या जागी दुरुस्त्या केल्या.

या सार्जंटला त्या तासांत जाणीव होती की नव्हती? ती नव्हती असे सिद्ध करता येणार नाही, हे हक्स्लीने मोकळेपणाने मान्य केले. परंतु नसण्याचा संभव बराच आहे, आणि ती नसताना एवढे व्यवहार होत असतील तर इतर वेळी तिचे काम कोणते, असा त्याचा रोख होता. येथेच त्याने ती पुढे प्रसिद्धी पावलेली उपमा दिली. आगगाडीचे इंजिन चालते तेव्हा वाफेची शिटी वाजते. पण शिटीमुळे चाके फिरत नाहीत. मेंदूच्या कार्याबरोबर जाणीवही तशीच उत्पन्न होते आणि त्या कार्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. हात उचलावा असे वाटल्यामुळे हात उचलला जात नाही. मेंदूतील ज्या घडामोडीमुळे हात उचलला जातो, तिचीच खूण म्हणून तसे वाटते. मनुष्यही याला अपवाद नाही, हे सांगायला हक्स्ली कचरला नाही.

भारतीय दर्शनांच्या वाचकाला येथे दोन मतांची आठवण होणे स्वाभाविक आहे. किण्वादी द्रव्यांच्या संयोगातून मद्याची मादकता उत्पन्न व्हावी, तसे चार भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, असे चार्वाकांचे मत सांगितले जाते. चैतन्याचे मूळ देहात शोधण्यापुरता हक्स्ली त्यांच्या जवळचा आहे. सांख्यांचा पुरुष हा साक्षी व अकर्ता आहे आणि सारे कर्तृत्व प्रकृतीचे आहे. हे वर्णन वरवर पाहता शिटीच्या उपमेशी जुळते. परंतु सांख्यकारिकेतील आंधळ्या-पांगळ्याच्या दृष्टांतात पांगळा पाहतो म्हणून आंधळ्याची वाट सरते. पाहणाऱ्याची तेथे गरज आहे. हक्स्लीच्या इंजिनाला शिटीची गरज नाही. हा भेद लक्षात घेतला म्हणजे बेलफास्टच्या व्याख्यानातील मत किती टोकाचे होते याची कल्पना येते.

हक्स्लीला सर्वांत मार्मिक उत्तर मिळाले ते अमेरिकेतून. हार्वर्ड विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम जेम्स या तरुण अध्यापकाने १८७९ साली ‘माइंड’ या नियतकालिकात, आपण यंत्रे आहोत काय, असे विचारणारा निबंध लिहिला. १८९० सालच्या मानसशास्त्रावरील महाग्रंथातही त्याने हे विवेचन विस्ताराने दिले. आत्म्याचा आश्रय त्याने घेतला नाही. डार्विनचेच शस्त्र हक्स्लीवर चालवले.

त्याच्या युक्तिवादाचे दोन भाग विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला असा : जाणीव कोठे गडद होते आणि कोठे विरते ते पाहावे. अंगवळणी पडलेले काम करताना ती जवळजवळ नाहीशी होते. दोन मार्गांपैकी कोणता धरावा अशी अडचण आली की ती तीव्र होते. मोठा मेंदू हा अत्यंत चंचल अवयव आहे. किंचित धक्क्याने तो कोणत्याही दिशेला झुकू शकतो. त्यामुळे त्याच्याकडून नवे साधते, पण चुकाही फार होतात. अशा अवयवाला प्राण्याच्या हिताकडे वळवणारे काहीतरी हवे, आणि निवड करणे हा तर जाणिवेचा स्वभावच आहे. ज्या ठिकाणी गरज, त्याच ठिकाणी ती प्रकट होते, हा निव्वळ योगायोग नसावा.

दुसरा युक्तिवाद अधिक भेदक आहे. जे देहाला अपायकारक असते ते सामान्यतः दुःखद वाटते आणि जे हितकारक ते सुखद वाटते. भाजणे, गुदमरणे, उपासमार यांनी यातना होतात. तहानेल्या जिवाला पाणी गोड लागते. भावनेचा कृतीवर काहीच परिणाम होत नसेल, तर ही सांगड कशासाठी? भाजताना अपार आनंद वाटला असता आणि श्वास घेताना वेदना झाल्या असत्या, तरी हक्स्लीचे इंजिन तसेच धावले असते. निसर्गाच्या निवडीने ही सांगड घातली असेल, तर वेदनेला व सुखाला काही कर्तृत्व असले पाहिजे; कारण निष्क्रिय गोष्टीची निवड होत नसते. हा पुरावा परिस्थितिजन्य आहे याची जेम्सला जाण होती.

हक्स्लीच्या बाजूने यावर उत्तर देता येते. रक्ताचा लाल रंग काही उपयोगासाठी निवडला गेलेला नाही. प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याचा तो आनुषंगिक गुण आहे. त्याचप्रमाणे निवड झाली ती मेंदूतील प्रक्रियेची; वेदना तिच्याबरोबर आपोआप आली. परंतु या उत्तराने जेम्सची मूळ अडचण सुटत नाही. अपायाच्या प्रक्रियेला वेदनाच का जोडली गेली, दुसरे काही का नाही, हे त्यातून कळत नाही. दोन्ही पक्षांची मजल येथे थांबली. पुढे १९१३ साली जॉन वॉटसनने मानसशास्त्राने केवळ वर्तनाचा अभ्यास करावा असे जाहीर केले आणि अमेरिकेत तरी कित्येक दशके हा प्रश्नच शास्त्राबाहेर गेला.

प्रश्न शास्त्राबाहेर गेला तरी त्याचे उत्तर व्यवहारात गृहीत धरलेच जात होते. नवजात अर्भकांवरील शस्त्रक्रियांचा इतिहास हे याचे अतिशय क्लेशकारक उदाहरण आहे. विसाव्या शतकात बराच काळ, १९८० नंतरच्या दशकापर्यंत, पाश्चात्त्य देशांतील अनेक रुग्णालयांत फार लहान अर्भकांवर पुरेशी वेदनाशामके न देता शस्त्रक्रिया होत. नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणारे औषध एवढ्यावरच काम भागवले जाई. भुलीची प्रबळ औषधे एवढ्याशा जिवाला सोसणार नाहीत ही भीती त्यामागे होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. परंतु तिच्या जोडीला एक समजूतही होती. नवजाताच्या मेंदूचे बाह्य पटल अपक्व असते आणि मज्जातंतूंवरील वेष्टन अपुरे असते. तेव्हा त्याचे रडणे व हातपाय झाडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असे मानले जाई. बेडकाविषयीचा युक्तिवाद नकळत पाळण्यापर्यंत येऊन पोचला होता. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने तर रडण्याची खूणही पुसली जात असे.

ही समजूत मोडून काढण्यात इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद यांचा मोठा वाटा आहे. १९८७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष मांडले. अपुऱ्या दिवसांच्या ज्या अर्भकांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेन्टानिल हे प्रबळ वेदनाशामक जोडीने देण्यात आले, त्यांच्या शरीरावरील ताणाची लक्षणे बरीच कमी होती आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी झाले. अर्भकाला आतून काय वाटते हे या चाचणीने दाखवले नाही. कोणतीही चाचणी ते थेट दाखवू शकत नाही. जेम्सप्रमाणेच आनंद यांचा पुरावाही परिस्थितिजन्य होता. पण शंकेचा फायदा कोणाला द्यावा हे त्याने ठरवले, आणि नवजातांना भूल देण्याची रीत त्यानंतर बदलत गेली.

दरम्यान जाणिवेच्या कामगिरीचा प्रश्न प्रयोगशाळेत परतला होता. १९७४ साली, बेलफास्टच्या व्याख्यानाला बरोबर शंभर वर्षे झाली असताना, इंग्लंडमध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतील दृष्टिकेंद्राचा काही भाग काढावा लागला होता, आणि दृष्टिक्षेत्राच्या एका बाजूला आपल्याला काहीच दिसत नाही असे तो सांगे. तरीही त्या बाजूला दिवा कोठे लागला ते बोट दाखवून सांग, असा आग्रह केला की तो पुष्कळदा अचूक दाखवी आणि आपण केवळ अंदाज केला असे म्हणे. या अवस्थेला अंधदृष्टी असे नाव पडले. न जाणवता पाहता येते, हे कळल्यावर हक्स्लीचे पारडे जड झाल्यासारखे वाटते. परंतु अशा रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते. जे जाणवत नाही त्याचा उपयोग ते आपण होऊन करीत नाहीत. कोणीतरी विचारावे लागते. मेंदू काढलेला बेडूकही आपण होऊन काही करीत नव्हता, याचे येथे स्मरण होते.

अशा निरीक्षणांमुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. पाहणे, तोल सांभाळणे, सवयीची कामे करणे यांतील फार मोठा भाग जाणिवेवाचून उरकतो, हे हक्स्लीचे म्हणणे आज जवळपास सर्वमान्य आहे. त्यावरून जाणीव सर्वस्वी निरुपयोगी ठरते हा त्याचा निष्कर्ष मात्र तितका दृढ राहिलेला नाही. अनेक संशोधकांच्या मते, निरनिराळ्या गरजा एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांना ओढू लागल्या म्हणजे त्या एका मापाने तोलून पाहणे, हे जाणिवेचे काम असावे. जेम्सने डोलायमान मेंदूविषयी जे म्हटले होते त्याच्याच हे जवळ जाते.

या विचाराची एक परीक्षा बेलफास्टमध्येच व्हावी, हा इतिहासातील योगायोग होय. तेथील क्वीन्स विद्यापीठातील रॉबर्ट एल्वुड यांनी रिकाम्या शंखात घर करून राहणाऱ्या खेकड्यांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. शंखात विजेचा सौम्य धक्का बसला की काही खेकडे शंख सोडून बाहेर येत. ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंख कोणता आहे याने फरक पडला नसता. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे आवडत्या जातीचा चांगला शंख होता ते तो सोडायला कमी तयार होत. हलक्या प्रतीच्या शंखातले अधिक सहज बाहेर पडत. धक्का टाळण्याची गरज आणि घराची किंमत यांचा कसला तरी मेळ तेथे घातला जात होता. खेकड्याला वेदना होते असे याने सिद्ध होत नाही, याची दक्षता एल्वुड यांनीही घेतली आहे. परंतु तो निव्वळ यंत्र आहे असे म्हणणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

कायद्यानेही हा प्रवास केला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांची चौकशी करण्यासाठी इंग्लंडमध्ये १८७५ साली राजकीय आयोग नेमला गेला. हक्स्ली त्याचा सभासद होता. १८७६ साली झालेल्या कायद्याने प्रयोगांसाठी परवाना आवश्यक केला, पण अपृष्ठवंशी प्राण्यांना त्याचे संरक्षण नव्हते. २०२२ सालच्या ब्रिटिश कायद्याने संवेदनक्षम प्राण्यांत खेकडे, शेवंड, माकूळ व ऑक्टोपस यांचा समावेश केला; शासकीय धोरणांत त्यांच्या हिताचा विचार झाला की नाही हे पाहण्याची यंत्रणाही त्यात आहे. भारतात राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांनी ज्याला चालना मिळाली तो प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. त्याच्या व्याख्येत मनुष्येतर प्रत्येक सजीव प्राणी येतो. जाणिवेची सीमारेषा शास्त्राने आखून द्यावी, तोवर थांबू, अशी भूमिका त्या व्याख्येने घेतली नाही.

हक्स्लीनेही ती घेतली नव्हती, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांकडून पुष्कळदा निसटते. प्राणिसृष्टीत जीवनकलह सतत चालू आहे आणि त्यातील दुःखाचा भार प्रचंड आहे. हे ध्यानी घेता देकार्तचे म्हणणे खरे ठरले असते तर आपल्याला आनंदच वाटला असता, असे त्याने व्याख्यानात सांगितले. पण ते खरे ठरेल अशी खात्री नसताना पशूंना जाणीव आहे असे धरून वागणे अधिक सुरक्षित होय, असेही तो म्हणाला. जाणिवेला काही काम नाही असे मानणाऱ्या या शास्त्रज्ञाला, ज्याला जाणीव आहे त्याचे दुःख खरे आहे, याविषयी शंका नव्हती. जाणीव काय करते, या प्रश्नाचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत कोणाचे दुःख हिशेबात धरायचे, हा निर्णय मात्र बेडूक, अर्भक आणि खेकडा यांच्या बाबतीत प्रत्येक पिढीला घ्यावा लागला आहे. आणि ज्या ज्या वेळी, ही तर केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, असे म्हणून तो टाळला गेला, त्या त्या वेळी त्याची किंमत ज्यांना बोलता येत नव्हते त्यांनी मोजली आहे.